पाच भोकांचा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. बागेतला नाही आणि शाळेतलाही नाही. पोटात सगळा संसार घेऊन फिरणारी एक लांबोडकी व्हॅन असते ना, आत पलंग, ओटा, कपाट, घडीचं टेबल असं सगळं ठोकून बसवलेलं, तसल्या एका कॅम्पर गाडीतला मी बाक. सरकत्या दारातून आत पाऊल टाकलं की डाव्या हाताला माझी जागा. दिवसा माझ्यावर दोघं बसत. झोपायच्या वेळी माझी घडीची जोडफळी पुढे ओढून खाली पाय टेकवला की एका माणसाची सोय होई. आणि बसायच्या फळीखाली पेटी, अंथरूण-पांघरूण ठेवायला. पाच फूट लांब, दीड फूट रुंद, वर बिजागरीचं झाकण.

ज्याच्यावर लोक बसतात त्याला लोक बरे कळतात. पोट सुटलेला माणूस आपण अजून हलकेच आहोत अशा थाटात आधी अलगद टेकतो आणि मग धपकन बसतो. खोटं बोलणारा बोलता बोलता बूड किंचित उचलतो. तोंडाला लगाम घालता येतो, बुडाला नाही. अशा बारीकसारीक नोंदी मी आयुष्यभर ठेवत आलो. त्यातल्याच काही आज तुमच्यापुढे मांडतो.

मला घडवलं मिस्त्रीनं. दारं-खिडक्या करणाऱ्या एका कारखान्यात तो मुख्य सुतार होता. सगळी गल्ली त्याला मिस्त्री म्हणे, बायकोसुद्धा. कारखान्यातली मोडीत निघालेली सामानाची गाडी त्यानं घरी आणली आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या पोटात शिरून काम सुरू केलं. मित्रांनो, गाडीच्या पोटात एकही काटकोन नसतो. भिंती फुगीर, छत वाकडं, जमिनीला चाकांचे उंचवटे. मिस्त्रीनं आधी पुठ्ठे कापून प्रत्येक फळीचा साचा केला, तो भिंतीला लावून पाहिला, पुन्हा कापला, पुन्हा लावला. मग लाकडाला हात घातला. मी जागेवर बसलो तेव्हा माझ्या आणि भिंतीच्या मध्ये पोस्टकार्डसुद्धा जात नव्हतं. त्यानं खरंच घालून पाहिलं होतं.

"बाहेरून जसं, तसंच आतून," हे त्याचं पालुपद होतं. बघायला येणाऱ्यांना तो झाकण उघडून माझं पोट दाखवी. लोक तोंडात बोटं घालत.

त्याची आणखी एक शिस्त होती. गाडीत एकूण सहा नग. प्रत्येकाच्या पाठीवर त्यानं पेन्सिलीनं आकडा टाकला होता. स्क्रू दिसू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यावर लाकडी बुचं बसवलेली, आणि एका नगाचे स्क्रू दुसऱ्याच्या आड दडवलेले. त्यामुळे सामान काढायचं तर आकड्याच्या क्रमानंच निघणार आणि परत बसवायचं तर उलट्या क्रमानंच बसणार. मी एक नंबर. काढताना सगळ्यांत आधी, बसवताना सगळ्यांत शेवटी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती एकाच्या फार उपयोगी पडली.

मिस्त्रीला एक मुलगा होता. अंगानं काटकुळा, म्हणून बारक्या. आज तो माझ्यावर बसला तर माझी बिजागरी कण्हते, पण नाव बारक्याच राहिलं. मिस्त्रीला वाटे, पोरानं धंदा शिकावा. पोराचं माप चुकायचं. फीत धरताना त्याचा हात थरथरायचा, कारण बाप मागे उभा असायचा. आणि बाप मागे उभा राहायचा, कारण पोराचं माप चुकायचं.

गाडी तयार झाली त्या उन्हाळ्यात तिघं तळ्यावर गेले. गाडीतून पायवाट उतरली की पाणी, पलीकडे झाडी. तिथे मिस्त्रीनं पोराला एका फळीचं माप घ्यायला सांगितलं आणि ते बोटभर चुकलं. मिस्त्रीनं माझ्यातलं अंथरूण बाहेर काढलं. मला वाटलं, ऊन द्यायचं असेल.

"आत झोप," तो पोराला म्हणाला. "शंभर मोज. मोठ्यानं. चुकलास तर पुन्हा एकपासून."

आणि झाकण लावून तो माझ्यावर बसला. हातात चहाचा कप होता. बारक्या आठ वर्षांचा होता. घाबरलेल्या पोराला शंभर आकडे सरळ म्हणता येत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. अडुसष्टनंतर तो एकोणऐंशी म्हणाला.

"पुन्हा एकपासून," मिस्त्री वरून म्हणाला.

झाकण उघडलं तेव्हा पोर घामानं निथळत होतं. बायकोनं ते पाहिलं. ओट्याशी उभ्या उभ्या ती म्हणाली, "आत वारा नको का जायला?"

ती बाई वाईट नव्हती. फक्त तिनं "बंद करा हे" असं म्हटलं नाही. तिनं मागितला तो वारा. आणि मिस्त्रीनं कुचराई केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या डोक्याकडच्या फळीत पाच भोकं पाडली, एका ओळीत, सारख्या अंतरावर, कडा घासून गुळगुळीत. पुढे कित्येक पाहुण्यांनी त्या भोकांवरून बोट फिरवत "काय नक्षी काढलीय" असं कौतुक केलं. मिस्त्री म्हणे, "अंथरुणाला कुबट वास येत नाही." आणि हे म्हणताना त्याचं बूड उचललं जाई.

माझ्या पोटात कुठूनसा एक खिळा पडला होता. बारक्याला तो सापडला. पुढच्या फळीच्या आतल्या बाजूला, जिथे वरून वाकून पाहिलं तरी नजर पोचत नाही आणि जी फक्त कुशीवर झोपलेल्याच्या नाकासमोर येते, तिथे तो दर खेपेला एक रेघ ओढू लागला. चार उन्हाळे हे चाललं. मग पोराचे खांदे रुंद झाले आणि ते माझ्यात मावेना. सुटका झाली ती एवढ्यानंच.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण ती तशीच गेली. मुलगा सुतार झाला नाही. तो एका दुकानात विजेची उपकरणं बसवून देण्याचं काम करू लागला. लग्न झालं. मिस्त्रीची बायको वारली. गाडी अंगणाच्या कडेला उभी राहिली, छताच्या खिडकीतून पाणी झिरपत राहिलं, आणि माझ्या पायाखालचा पत्रा गंजून त्याचा पापड झाला. मिस्त्रीचे हात कापायला लागले. नजर अशी झाली की खुर्चीवरून त्याला समोरचं फाटक धुरकट दिसे. आता तोच मुलाच्या घरात मागच्या खोलीत राहतो, हे मला घरातून ऐकू येणाऱ्या वाक्यांवरून कळलं. "बाबा, पंखा बंद करा." "बाबा, दार लोटून घ्या." असली वाक्यं.

मग एकदा गाडी दुरुस्त करायचं ठरलं. सूनबाईला फिरायला जायचं होतं. जमीन कापून नवा पत्रा जोडायचा, त्यासाठी सहाही नग बाहेर काढायचे. आणि ते कसे काढायचे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

मिस्त्रीनं सौदा केला. त्या दिवशी तो माझ्यावरच बसला होता.

"मी सांगेन तसं तू करशील," तो म्हणाला. "पण मला तळ्यावर न्यायचं. एकदा तिथे गाडी उभी करायची, दार उघडायचं आणि बसून चहा प्यायचा. दुसरं काही मागत नाही."

"नेऊ की बाबा," बारक्या म्हणाला. "हा बाक तुमचाच. तुम्ही इथेच झोपा."

मित्रांनो, मी साक्षीला आहे. बारक्याचं बूड जागचं हललं नाही. त्या वेळी तो खरं बोलत होता.

काम सुरू झालं. मिस्त्री अंगणात खुर्ची टाकून बसला आणि तिथून हुकूम सोडू लागला.

"बाकाच्या पायाशी बुच आहे. ते काढ. पटाशी लावू नकोस, फुटेल. अंगठ्यानं दाबून फिरव."

"निघत नाही."

"तुझ्या अंगठ्याला निघत नाही. बुच निघतं."

सूनबाई हसली. बारक्याही हसला, पण बेतानं. मिस्त्रीला चेव आला. "सूनबाई, याला शंभर मोजायला मी शिकवलं बरं का. शाळेतल्या बाईंना जमलं नव्हतं."

"हो का? कसं शिकवलंत?"

"शिस्त लावून. पोराला बसवून घ्यावं लागतं."

"बसायचे बाबाच," बारक्या म्हणाला, आणि बुच निघालं.

मला अंगणात आणून सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर उलटं ठेवलं. माझी तळाची फळी पाण्यानं कुजली होती, ती त्यानं उचकटून काढली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटात सरळ ऊन पडलं. बारक्या नवी फळी मापायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

एका फुटाच्या आत सगळ्या रेघा. काही उथळ, काही खिळा फिरवून फिरवून खोल केलेल्या. त्यानं अंगठा लावला. तो अंगठा आता त्या पोराच्या मनगटाएवढा होता.

"काय झालं? वाळवी आहे का?" सूनबाई जवळ आली.

"नाही."

"मग?"

बारक्या बाजूला झाला. सूनबाईनं पाच भोकं पाहिली, रेघा पाहिल्या, पेटीची लांबी पाहिली आणि अंगणातल्या खुर्चीकडे पाहिलं. तिला फार सांगावं लागत नाही.

फीत गुंडाळत बारक्या म्हणाला, "आमच्या दुकानातला तो छोटा फ्रीज तुला हवा होता ना?"

"जागा नाही म्हणाला होतास."

"आहे जागा."

"आणि त्यांना कोण सांगणार?"

"कुणी सांगायला कशाला हवं. एक नंबर शेवटी बसतो. त्यांचाच नियम आहे."

माझं पोट फितूर झालं, मित्रांनो. मी ते बंद ठेवू शकलो नाही.

पत्रा जोडून झाला. मग सामान परत बसवायला सुरुवात झाली. सहा नंबर, छताखालचे खण. पाच नंबर, मागचा पलंग. मिस्त्री रोज सकाळी दाढी करून खुर्चीत येऊन बसे आणि बोटं मोजी. "आज चार. मग तीन, मग दोन, मग बाक, आणि बाकावर मी." त्याची पिशवी भरून तयार होती. आत दोन सदरे, मफलर आणि बायकोचा चहाचा कप, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी घोड्यांवर पडल्या पडल्या हे सगळं बघत होतो. बाक बोलत नाहीत हे आपल्या सगळ्यांच्या किती सोयीचं आहे, हे मला तेव्हा कळलं.

दोन नंबरचं टेबल बसलं त्या संध्याकाळी बारक्या बापाजवळ आला. मला तोवर नवी फळी मारून सरळ उभं केलेलं होतं.

"बाबा, बाकाला तेल लावायचं का? लाकूड कोरडं पडलंय."

मिस्त्रीचा चेहरा उजळला. त्याच्या हाताला कित्येक वर्षांत कुणी काम दिलं नव्हतं. "मी लावतो. दोन हात लागतील. पण वाळायला चार दिवस द्यावे लागतील हं. ओल्या तेलावर बसायचं नाही."

"तुम्ही म्हणाल तसं."

दोन दिवस तो कापऱ्या हातानं माझ्यावर फडकं फिरवत होता. तेल ओघळलं, ठिपके पडले, काही जागा दोनदा माखल्या, काही राहून गेल्या. त्याला दिसत नव्हतं. त्याला वाटत होतं काम झकास झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडीचं इंजिन सुरू झालं.

मिस्त्री पिशवी घेऊन घाईघाईनं बाहेर आला. चप्पल उलटसुलट घातलेली. "अरे, आज कुठे? बाक राहिलाय."

बारक्यानं माझ्यावर एक बोट टेकवलं आणि ते बापाच्या बोटांवर पुसलं. "तेल ओलं आहे, बाबा."

मिस्त्रीनं आपली बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. "आहे थोडं."

"मग बसवता येईल का?"

मिस्त्रीनं बोटं सदऱ्याला पुसली. उभ्या आयुष्यात त्यानं कधी ओल्या लाकडावर कुणाला बसू दिलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "गादी खराब होईल."

"तेच म्हणतोय. पुढच्या खेपेला बसवू. शेजारच्या काकू डबा आणून देतील."

मिस्त्री गाडीच्या दाराशी गेला. दार उघडं होतं. त्यानं पायरीवर हात टेकून आत डोकं घातलं आणि माझ्या जागी हात फिरवला. तिथे थंडगार पत्रा लागला. त्यानं फ्रीज वरपासून खालपर्यंत चाचपला. मग सवयीनं खिशातून एक कागद काढला, औषधाची चिठ्ठी होती, आणि ती फ्रीज व भिंतीच्या मध्ये सारून पाहिली. ती गेली नाही.

"हे माप कुणी घेतलं?"

"मी."

"बरोब्बर बसलंय," मिस्त्री म्हणाला. "केसभर फट नाही."

बारक्यानं या वाक्याची किती वर्षं वाट पाहिली असेल ते मला विचारा. मी त्याच्या श्वासावरून मोजली आहेत. ते वाक्य आलं आणि त्याला ते कुठे ठेवावं हे कळेना. त्यानं सरकतं दार ओढून घेतलं. सूनबाईनं खिडकीतून हात हलवला. मिस्त्रीनंही हात हलवला, गाडी वळून गेल्यानंतर थोडा वेळ.

पुढचे बारा दिवस आम्ही दोघंच होतो. शेजारीण डबा ठेवून जायची. मिस्त्रीनं मला अंगणातल्या शेडमध्ये ओढून नेलं आणि ठरवलं की हे लोक येईपर्यंत बाक असा करायचा की पुढच्या खेपेला नावं ठेवायला जागा राहायला नको. बाहेरून जसं, तसंच आतून. त्यानं तेलाचं फडकं घेऊन माझ्या पोटात हात घातला आणि पुढच्या फळीवर त्याची बोटं अडखळली.

डोळे गेले तरी सुताराची बोटं शाबूत असतात. एकेक रेघ चाचपत तो पुढे सरकला. "एकतीस," तो स्वतःशीच म्हणाला. मला वाटलं, आता तो थांबेल. आता काहीतरी आठवेल.

"कुठल्या गाढवानं माझ्या लाकडावर मोजणी मांडलीय," तो म्हणाला, आणि बुचं काढायला लागला.

पुढची फळी सुटी करून त्यानं रंधा लावला. चार दिवस लागले. हात कापत होते, रंधा उड्या मारत होता, पण तो नेटानं तासत राहिला. बारक्याचे चार उन्हाळे वेटोळी होऊन जमिनीवर पडले. मिस्त्रीनं ते झाडून पोत्यात भरले. मग पॉलिश पेपर, मग तेल. फळी परत बसवली आणि चार दिवस सोडा, पुरते सहा दिवस वाळू दिली.

गाडी परत आली तेव्हा तो शेडच्या दाराशी उभा होता.

"वाळलाय," तो म्हणाला. "बघ हात लावून. आतूनसुद्धा."

बारक्यानं झाकण उघडलं. आत हात घातला, खोल, थेट त्या जागेवर. हात तिथे थोडा वेळ फिरला. गुळगुळीत होतं.

"हे कुणी तासलं?"

"मी. कुणीतरी ओरखडे काढून ठेवले होते. बोटांनी मोजले, एकतीस होते."

"बत्तीस," बारक्या म्हणाला. "पहिला तुम्हाला लागला नसेल. तेव्हा खिळा सापडला नव्हता. नखानं काढला होता."

सूनबाई मागे पिशव्या घेऊन उभी होती, ती तशीच घरात निघून गेली. मिस्त्रीचा हात माझ्या कडेवरून सरकत सरकत डोक्याकडच्या फळीवर गेला आणि पाच भोकांशी थांबला. पहिल्या भोकात बोट गेलं. मग दुसऱ्या. पाचव्याशी त्यानं हात मागे घेतला.

"असेल," तो म्हणाला. आणि झाकण लावत, "बसवायचा का मग?"

"जागा नाही, बाबा. पाहिलंत ना तुम्ही," बारक्या म्हणाला. "बरोब्बर माप आहे."

मी अजून शेडमध्ये आहे. माझ्यावर रंगाचे डबे आहेत, पोटात जुनी वायर आहे. फ्रीज तळ्यावर दोनदा जाऊन आला. मिस्त्री रोज येतो, पण त्या दिवसापासून तो माझ्यावर बसत नाही. डबे बाजूला करतो, झाकण उघडतो, आत पाहतो, झाकण लावतो आणि समोर जमिनीवर बसतो. मग त्याचे ओठ हलायला लागतात. वय झालंय, आकडे सटकतात. अडुसष्टच्या आसपास कुठेतरी तो चुकतो आणि कुणी सांगितलेलं नसताना पुन्हा एकपासून सुरुवात करतो. शंभरपर्यंत पोचलेला मी त्याला अजून पाहिलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, त्यांना पावसात टाकू नका, हे तुम्हाला माझ्या जातीतल्या पुष्कळांनी सांगितलं असेल. तेही कराच. पण मला विचाराल तर माझं मागणं लहान आहे. कुठल्याही पेटीवर बसण्याआधी एकदा झाकण उघडून आत बघत जा.